कर्टेल केलेली हजेरी

भवानीबाई निकमांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजीत कोणी त्यांच्याविरुद्ध काही लिहिलं असेल तर ते त्यांना लांबूनच दिसायचं.

लग्नाच्या कार्यक्रमाचं कार्ड म्हैसुरातल्याच कुवेंपुनगरहून व्याह्यांनी छापून पाठवलं, तेव्हा विजयनगरच्या घरात सगळे त्याच्या सोनेरी किनारीचं कौतुक करत बसले होते. भवानीबाईंनी चष्मा लावून कार्ड पाहिलं. वाचलं नाही, पाहिलं. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, तेही कन्नड शाळेत. पुढे शाळेतल्या बाईंशी भांडण झालं, त्यात बाई हरल्या आणि म्हणून शाळा सुटली, असं त्या सांगत. कार्डावर एकाखाली एक ओळी होत्या, सगळ्या सुटसुटीत. एकाच ओळीच्या शेवटी कंस होता आणि कंसात एक शब्द कोंडलेला होता.

"ही ओळ कसली रे?" त्यांनी नवऱ्या मुलाला, म्हणजे त्यांच्या नातवाला, चामराजला विचारलं.

"हजेरीची, अज्जी."

"आणि तिच्या मागं हा कोंडवाड्यात कोण बसलाय?"

चामराजनं बापाकडे पाहिलं. बाप म्हणजे शिवाजीराव, बँकेतला हेडक्लार्क, पन्नाशी उलटलेला, नावाला शोभेल असं एकही काम आयुष्यात न केलेला. तो कॉफीच्या लोट्यात तोंड घालून बसला होता.

"कर्टेल्ड," चामराज म्हणाला. "म्हणजे स्वल्प कमी. सुम्ने, उगाच लिहिलंय, अज्जी."

"सुम्ने कोणी कंस घालत नाही," भवानीबाई म्हणाल्या, आणि कार्ड कमरेला खोचून उठल्या.

निकमांच्या घरातली हजेरी म्हणजे काय, हे इथं सांगितलं पाहिजे. निकमांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. कूच करायच्या आधी हजेरी व्हायची. एकेकाचं नाव पुकारायचं, आणि असेल त्यानं हाजर म्हणायचं. पुढे घोडे गेले, तलवारी गेल्या, हजेरी राहिली. घरातल्या मुलाचं लग्न असलं की अंतरपाट धरायच्या आधी मुलाकडची सगळ्यात वडीलधारी बाई मांडवाच्या खांबाशी उभी राहते आणि गेलेल्या पुरुषांची नावं पुकारते, हुद्द्यासकट, पराक्रमासकट. प्रत्येक नाव जिवंत असलेल्या कोणा ना कोणाकडे सांभाळायला दिलेलं असतं, आणि तो त्या नावाच्या वतीनं हाजर म्हणतो. तीनदा पुकारून हाजर आलं नाही तर नाव कटलं, पुन्हा म्हणून ते कोणी घेत नाही. आणि माणूस गेल्यावर घरात जे पहिलं लग्न होईल त्यातच त्याचं नाव हजेरीत चढायचं. त्या दिवशी राहिलं की राहिलंच. भवानीबाईंच्या आजेसासऱ्यांचे एक भाऊ असेच राहिले होते. लग्नात स्वयंपाकाच्या चुलीनं पेट घेतला, घाई झाली, नाव राहून गेलं. आज त्यांचं नाव काय होतं हेसुद्धा कोणाला सांगता येत नाही.

भवानीबाईंचे यजमान रणोजीराव शिवाजीरावांच्या लग्नानंतर गेले. त्यानंतर घरात मुलाचं लग्न हे आता, चामराजचंच. भवानीबाई या लग्नाची वाट बघत होत्या ती काही नातसुनेसाठी नाही. नातसून काय, आज ना उद्या कोणीतरी आलीच असती. त्या वाट बघत होत्या रणोजीरावांचं नाव पुकारायची.

आता हजेरी लांबली होती हे खरं. प्रत्येक पिढीतल्या बाईनं आपल्या माणसाची थोडी भर घातली होती, कमी कोणी केलं नव्हतं. पहिले सरदार येसाजीराव. त्यांच्या घोड्याचंच वर्णन इतकं की वरातीला आणलेली घोडी ऐकता ऐकता पेंगायची. तरी सगळे ऐकायचे. जेवण त्यानंतर असल्यामुळे जाणार कुठे?

शेजारी नरसिंहमूर्ती मास्तर राहत. आयुष्यभर इंग्रजी शिकवून आता दारातल्या तुळशीला पाणी घालत. त्यांच्याही घरात मराठीच, पण ब्राह्मणी, पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानासारखी.

"मास्तर, कर्टेल म्हणजे काय?"

मास्तरांचा चेहरा उजळला. रिटायर झाल्यापासून लोक त्यांना नळाला पाणी कधी येणार ते विचारायचे. शब्दाचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

"बसा, भवानम्मा. कर्टेल म्हणजे, ठरलेली किंवा चालू असलेली गोष्ट आखूड करणं. बंद करणं नव्हे हं, ते वेगळं. पुढे ढकलणं तेही वेगळं. गोष्ट आहे तीच, लांबी कमी."

"कमी कोण करतो?"

"उत्तम प्रश्न. सरकार खर्च कर्टेल करतं. साहेब कारकुनाची रजा कर्टेल करतात. डॉक्टरांनी माझं मीठ कर्टेल केलंय."

"आणि चोरून चिवडा खाता तो?" आतून मास्तरांच्या बायको नागरत्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे कारकून साहेबाचं काही कर्टेल करत नाही," भवानीबाई म्हणाल्या.

मास्तरांनी विचार केला. "नाही. माझ्या वाचनात तरी आलं नाही."

"म्हणजे कात्री ज्याच्या हातात त्याचा हा शब्द. बरं, कापायचं कुठून? डोक्याकडून का शेपटाकडून?"

"ते शब्दात नाही. कमी झालं म्हणजे झालं. पण मूळ सांगू का?" मास्तर पुढे सरकले. "तिकडे जुन्या काळी शेपूट छाटलेल्या घोड्याला असंच काहीसं नाव होतं. त्यावरून हा शब्द निघाला."

भवानीबाईंनी नागरत्नाबाईंनी दिलेला ताकाचा पेला खाली ठेवला. "चांगल्या घोड्याचं शेपूट छाटायचे?"

"तिकडे छाटत."

"मग तो माश्या कशानं हाकलायचा?"

हे मास्तरांच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

"आमच्या पागेत कोणी घोड्याच्या शेपटाचा केस उपटला असता तर येसाजीरावांनी त्याची मिशी उपटली असती. आणि हा बोडक्या घोड्याचा शब्द आणून आमच्या हजेरीला बांधलाय."

"शब्दाचा दोष नाही, भवानम्मा. वापरावर आहे."

"मग वापर शिकवा. दोन-चार वाक्यं सांगा, मी घोकते."

मास्तरांनी सांगितली. भवानीबाई ती घोकतच घरी आल्या, आणि घरात कोणाशी बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे कोणाचं तरी भरलं होतं.

सकाळी त्या रिक्षानं कुवेंपुनगरला गेल्या. व्याही भुजंगराव मोहिते मोठ्या सरकारी हुद्द्यावरून उतरले होते, पण अजून जमिनीवर पोचले नव्हते. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर दोन तलवारी आडव्यातिडव्या लावलेल्या होत्या. त्यांचं पातं भवानीबाईंनी पूर्वीच बोटानं वाजवून पाहिलं होतं. पत्रा होता. मोहित्यांच्या घरातही कधी काळी हजेरी होती म्हणे, पण ती म्हणणारी बाई राहिली नाही आणि नावं गेली. म्हणून निकमांच्या हजेरीची भुजंगरावांना भारी हौस.

"या विहीणबाई, या. कळवलं असतंत तर गाडी पाठवली असती."

"गाडी कशाला? घरात गाडीवालीच माणसं होती आमच्या." भवानीबाई सोफ्याच्या टोकाला बसल्या. "आमची हजेरी कर्टेल करणारे तुम्ही कोण, ते विचारायला आले."

भुजंगरावांचा चेहरा पडला, पण माणूस सभ्य. "अहो गैरसमज नको. हजेरी तर मला हवीच. आमचे स्नेही आहेत एक कर्नलसाहेब, त्यांना मी खास बोलावलंय ते हजेरी ऐकायलाच. येसाजीराव, त्यांचा घोडा, तो किल्ल्याचा दरवाजा. तेवढं झालं की थांबायचं. पुढचं जरा उतरतं जातं ना."

"काय उतरतं?"

"म्हणजे, ते मोतद्दार वगैरे. घोड्याला चारा घालणारे. मिलचे वॉचमन. ते घरातल्या घरात ठीक. आणि हे माझ्या डोक्यातलं नाही, विहीणबाई. शिवाजीरावांनीच सुचवलं. ते म्हणाले, आईचं वय झालंय, घसा बसतो, आपण कर्टेल करू. मला पटलं. फार काळजी घेतात हो ते तुमची."

भवानीबाईंना घसा बसल्याचं आयुष्यात आठवत नव्हतं. त्यांचा घसा बसावा म्हणून मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या शेजारणींनी नवस केले होते.

"आणि तुमचे यजमान," भुजंगराव कौतुकानं पुढे म्हणाले, "त्यांचं मी कर्नलसाहेबांना वेगळं सांगेनच. ट्रान्सपोर्ट खात्यातले एवढे मोठे ऑफिसर."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. भवानीबाई पंख्याकडे बघत राहिल्या. रणोजीराव निकम सिटी बसचे कंडक्टर होते. नोकरीला लागले ते कंडक्टर आणि निवृत्त झाले ते कंडक्टर. खाकी सदरा, खांद्याला चामड्याची पिशवी, कानामागे पेन्सिल. ट्रान्सपोर्ट खातं, मोठे ऑफिसर. हे कोणी सांगितलं असेल ते विचारायची गरज नव्हती, आणि कंसात कोणाला कोंडलं होतं तेही आता उघड होतं.

एरवी त्यांनी तिथंच भुजंगरावांच्या तलवारी पत्र्याच्या आहेत इथपासून सुरुवात केली असती. पण पोरगं आपलं होतं, आणि आपल्या पोराची लाज व्याह्याच्या हॉलमध्ये काढायची नसते. ती घरी नेऊन काढायची असते.

"कॉफी स्ट्राँग आहे तुमच्याकडची," त्या म्हणाल्या. "बरं. करते कर्टेल."

भुजंगराव इतके खूश झाले की त्यांनी रिक्षा स्वतः बोलावली.

दुसऱ्या दिवसापासून निकमांच्या घरात कर्टेलचा अंमल सुरू झाला.

"वनजा, शिवाच्या लोट्यात कॉफी अर्धी," भवानीबाईंनी सुनेला सांगितलं.

"का हो, आत्याबाई? शुगर वाढली का त्यांची?"

"कर्टेल."

दोसा अर्धा. उरलेला अर्धा तव्यावर, समोर दिसेल असा. अंघोळीला अर्धी बादली. शर्टाला इस्त्री फक्त पुढून. पेपर पहिल्या पानापुरता, क्रिकेट भवानीबाईंच्या उशीखाली. मास्तरांनी शिकवलेला वापर त्या तंतोतंत पाळत होत्या. बंद काही केलं नाही, पुढे काही ढकललं नाही, जे होतं ते आखूड केलं. सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं. "शिवा, तुझ्या कपाटाची किल्ली," एवढं म्हणून त्या परसात निघून जायच्या. शिवाजीराव घरभर फिरायचे. किल्ली सापडली का हरवली, का कोणी मागितली, ते कळायला मार्ग नाही.

"काय चाललंय हे?" वनजाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "तुम्ही काही केलंत का?"

"नाही," शिवाजीराव म्हणाले, तेही अर्ध्या आवाजात.

संध्याकाळी त्यांच्यानं राहवलं नाही. आई ओट्यावर शेंगा सोलत होती, तिच्यापुढे जाऊन ते उभे राहिले.

"आई, माझं काय चुकलं ते तरी सांग."

"सांगते. तू भुजंगरावांना सांगितलंस की तुझा बाप," आणि भवानीबाईंनी शेंग फोडली. पुढे बोलल्या नाहीत.

शिवाजीराव खाली बसले. "मी ऑफिसर म्हटलं नाही. मी ट्रान्सपोर्ट खात्यात म्हटलं. मोठे ऑफिसर ते त्यांनी मनानं लावलं."

"आणि तू काढलं नाहीस."

"काढणार कसं? बैठकीत सगळे बसलेले. मुलीचे मामा, काका, सगळे कोण ना कोण. एकदा गेलं ते गेलं पुढं."

"बस ट्रान्सपोर्टच आहे की. खोटं काय बोललास? मग लाज कसली?"

"लाज नाही गं." त्यांनी एक शेंग उचलली, आईनं ती काढून परत सुपात टाकली. "तुला कळत नाही. तू उभी राहून सांगणार, सरदार. मग जमादार. मग मोतद्दार. मग मिलचा वॉचमन. मग कंडक्टर. उतरंड आहे ती, आई. ऐकणारा हसतो."

"आणि कंडक्टरनंतर हेडक्लार्क. तू गेल्यावर तुझ्या नातवाच्या लग्नात तुला काय, सरदार म्हणून पुकारायचं?"

शिवाजीराव सांडलेली टरफलं गोळा करू लागले.

"तुझ्या बापानं बसमध्ये बाईमाणसाला उभं राहू दिलं नाही. जागा नसली तर कोणाच्या तरी पोत्यावर बसवायचा, पण बसवायचा. पोत्यातल्या कोंबड्या ओरडल्या तर त्यांना गप्प बस म्हणायचा. येसाजीरावांनी दरवाजा फोडला ते मी बघायला गेले नव्हते. हे मी बघितलंय."

"ते मलाही ठाऊक आहे."

"मग झालं. पुकारायचं काम माझं. मी पुकारणार. हाजर म्हणायचं काम तुझं. बायकांनी ते म्हणायची रीत नाही. असती तर तुझ्या तोंडाकडं बघत बसले नसते, मीच म्हटलं असतं, चामुंडीच्या डोंगरावर ऐकू जाईल असं. तीनदा पुकारीन. अष्टे, एवढंच."

त्या उठून आत गेल्या. सकाळी कॉफी अर्धीच होती.

लग्नाचं छत्र, म्हणजे कार्यालय, भुजंगरावांनी निवडलं होतं, मोठं, संगमरवरी, पाय घसरेल असं. दारात सनई-डोलाचा ओलग चालला होता. पुढच्या सोफ्यावर कर्नलसाहेब पांढऱ्या मिशा आणि काठी घेऊन बसले होते, आणि भुजंगराव त्यांच्या कानाशी लागून येसाजीरावांचा घोडा किती हात उंच होता ते आगाऊ सांगत होते. भटजी वेंकोबाचार्य मांडवात बसून घड्याळ बघत होते. मुहूर्ताला अवकाश होता, पण घड्याळ बघितल्याशिवाय त्यांना करमत नसे.

भवानीबाई जांभळं लुगडं नेसून खांबाशी आल्या. भुजंगरावांनी लगबगीनं माईक पुढे केला.

"विहीणबाई, कर्टेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"कर्टेल. माईक नको. घसा बसलाय असं तुम्हीच ऐकलंय ना, बघू किती बसलाय."

ओलग थांबला. निकमांचे पुरुष फेटे बांधून एका रांगेत उभे होते. मंडी मोहल्ल्यातला चुलतपुतण्या सगळ्यात पुढे. येसाजीरावांचं नाव त्याच्याकडे होतं, म्हणून पहिलं हाजर त्याचंच. त्यासाठी तो सकाळपासून वेलदोडा चघळत होता. शिवाजीराव सगळ्यात शेवटी, खांबाआड जवळजवळ.

"निकमांची हजेरी," भवानीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "आहेत ते ऐका. नाहीत त्यांच्या वतीनं ज्यानं नाव सांभाळलंय त्यानं बोला."

पुतण्यानं छाती फुगवली.

"रणोजीराव निकम. सिटी बसचा कंडक्टर. हाजर?"

पुतण्याच्या तोंडातून "हा" बाहेर पडला होता, तो त्यानं वेलदोड्यासकट गिळला. भुजंगरावांनी कर्नलसाहेबांकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि हातातलं कार्ड उघडून पाहिलं, जणू कार्ड काही मदत करील. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला तरी विचारलं, "कोण? कंडक्टर?"

शिवाजीराव आपल्या बुटांकडे बघत होते. लग्नात बूट काढायचे असतात हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"रणोजीराव निकम," भवानीबाईंनी दुसऱ्यांदा पुकारलं. "दसऱ्याच्या गर्दीत चुकलेली पोरं बसमध्ये घालून घरी पोचवली, आणि त्यांच्या आयांना दारात शिव्या घातल्या. बसमध्ये बाईला उभं राहू दिलं नाही. मरेपर्यंत स्वतः बिनतिकीट प्रवास केला नाही, दुसऱ्याला करू दिला नाही. हाजर?"

हाजर आलं नाही. सभागृहात मुंडासं बांधलेले, रेशमी साड्यांतले, कॅमेरावाले, सगळे बघत राहिले. वनजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग पटकन दुसरीकडे. नवरदेव चामराजनं तोंड उघडलं, पण नाव त्याच्याकडे नव्हतं, त्याला बोलायचा अधिकार नव्हता. त्याला ते माहीत होतं, म्हणून त्यानं मिटलं.

तिसऱ्या पुकाराला वर्णन नसतं, नुसतं नाव असतं. भवानीबाईंनी मुलाकडे बघितलं नाही. बघितलं तर डोळे वटारले जातील, आणि वटारून घेतलेलं हाजर त्यांना नको होतं. त्या खांबाला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळेकडे बघत होत्या. हुकलं तर हुकलं, असं त्या स्वतःला म्हणत होत्या आणि स्वतःलाच ते पटत नव्हतं.

"रणोजीराव निकम."

यावेळी आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला नाही. पुढच्या सोफ्यापर्यंत गेला असेल जेमतेम.

"हाजर," खांबाआडून आलं. एवढंसं.

मग शिवाजीराव बाहेर आले. तोल जाऊ नये म्हणून संगमरवरावर पाय रोवून उभे राहिले आणि बँकेच्या काउंटरवर कधीही निघाला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "बस कंडक्टर रणोजीराव निकम यांच्या वतीनं त्यांचा मुलगा. हाजर."

दारातल्या डोलवाल्याला वाटलं खूण झाली. त्यानं एक दणका दिला, आणि घाबरून थांबला.

"आयतु," भवानीबाई म्हणाल्या. "हजेरी झाली." आणि त्या आपल्या खुर्चीकडे निघाल्या.

भुजंगराव आडवे आले. "झाली? अहो, येसाजीराव?"

"कर्टेल केले."

"पण तसं नव्हतं ठरलं. मी म्हटलं होतं, पुढचं ठेवायचं आणि मागचं..."

"तुम्ही म्हणालात कर्टेल. कुठून कापायचं ते त्या शब्दात नाही. मास्तरांना विचारून आलेय मी." त्यांनी बोट दाखवलं. नरसिंहमूर्ती मास्तर पाहुण्यांत बसले होते. त्यांनी चष्मा काढून मान डोलावली, परीक्षेत बरोबर उत्तर आल्यावर डोलवावी तशी. "येसाजीराव दर लग्नात ओरडून ओरडून दमलेत, एका लग्नात गप्प बसले तर रुसणार नाहीत."

भुजंगरावांनी कार्ड मिटलं. त्यांनी शिवाजीरावांकडे पाहिलं. "तुम्ही ट्रान्सपोर्ट म्हणाला होता."

"कंडक्टर," शिवाजीराव म्हणाले. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं, व्याहीबुवा. चूक माझी."

"विहीणबाई," भुजंगराव शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "सगळी घ्या. कर्टेल नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्या, कृपा करून."

"पुरोहितांना विचारा, वेळ आहे का."

वेंकोबाचार्यांनी घड्याळ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घड्याळात काही चांगलं दिसल्यासारखं म्हणाले, "भरपूर आहे."

मग भवानीबाई परत खांबाशी गेल्या आणि येसाजीरावांना घेतलं, घोड्यासकट, दरवाज्यासकट. पुतण्याकडे वेलदोडा उरला नव्हता तरी त्यानं काम निभावलं. जमादार आले, चारा घालणारे मोतद्दार आले, मिलचे वॉचमन आले. कोणी हसलं नाही. हसायला लागलेला एक मामा होता, त्याच्याकडे भवानीबाईंनी बघितलं तेव्हा त्याला खोकला आला.

जेवणाच्या पंगतीत कर्नलसाहेब काठी टेकत भवानीबाईंच्या पानाशी आले. भुजंगराव मागून धावत आले, पुन्हा काय होतंय म्हणून.

"मी ओळखत होतो तुमच्या यजमानांना," कर्नलसाहेब म्हणाले. "कॉलेजात होतो. पासाची मुदत संपली होती, त्यांनी मला भर बाजारात उतरवलं."

"बरोबरच केलं," भवानीबाई म्हणाल्या.

"मी त्यांना सांगितलं, माझे वडील मोठे ऑफिसर आहेत. ते म्हणाले, मग त्यांनाही घेऊन या, दोन तिकिटं फाडतो."

भवानीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. भुजंगराव कर्नलसाहेबांबरोबर हसले, थोडं उशिरा, पण मनापासून.

समोरच्या रांगेत शिवाजीरावांना मुलीच्या काकांनी सहज विचारलं होतं की बस कुठली, कुठून कुठे जायची. तेव्हापासून शिवाजीराव सांगत होते. मंडी मोहल्ल्यातून निघायची, ती अशी वळायची, पहिल्या थांब्याला कोण चढायचं, पेढेवाला कोण, दूधवाल्याची कॅन कुठे ठेवायची, तिकिटं नुसती चाचपून वडील अंधारातसुद्धा भाडं ओळखायचे ते कसं. काकांचा सारभात संपला, पुरणाची होळिगे संपली, ताकही पिऊन झालं. शिवाजीरावांची बस अजून बाजारापाशीच होती.

"अहो, पुरे आता," वनजाबाई मागून दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक उठायला बघताहेत."

"बोलू दे त्याला," भवानीबाई म्हणाल्या. "आणि वाढपी कुठं गेला? त्याच्या पानावर गरम भात वाढा. बोलता बोलता खाता येत नाही त्याला, लहानपणापासून तसाच आहे."